सखल काठाचा फोन

कामाच्या पहिल्या दिवशी मी खोलीत शिरले, तर टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. आतून मोजपट्टी सरकल्याचा आवाज. सुतार असणार... मी म्हटलं, आलाच आहात तर माझा खणही बघा, अडकतोय. पाय आत गेले, डोकं बाहेर आलं. केसांत जळमट, डोळ्यांत हसू. त्यानं निमूटपणे खण नीट करून दिला आणि शांतपणे शेजारच्या टेबलामागे जाऊन बसला.

तो सुतार नव्हता. नदीपलीकडच्या देशाचा पूरनिरीक्षक होता. मी अलीकडची.

दोन देशांनी मिळून पुलावर थाटलेली ही कचेरी. भाषा दोन्ही काठांवर एकच, पण विश्वास कमी, म्हणून करार इतका काटेकोर की विचारू नका. टेबलं सारख्याच उंचीची – तेच तो मोजत होता. खुर्च्या दोन, फोन दोन. खिडकी मात्र एकच, म्हणून दुपारपर्यंत त्याची, नंतर माझी. पाणी लाल खुणेच्या वर गेलं की दोघांनी एकाच क्षणी फोन उचलून आपापल्या देशाला कळवायचं. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. दुसऱ्याच्या फोनला हात लावला तर नोकरीवर पाणी सोडायचं.

आईनं बजावलं होतं, पलीकडच्यांशी कामापुरतं बोल, ती माणसं आपल्यासारखी नसतात. मग कशी असतात? मला चैन पडेना. मी विचारतच सुटले. पाहुण्यांसाठी चांगले कप तुम्हीही कपाटात लपवता? लपवतो, तो म्हणाला, आणि ऐन वेळी एकाचा कान तुटलेला निघतो. लहान मुलांना तुमच्याकडेही वाटतं का, चंद्र आपल्याच मागे येतो?

तो थबकला. लहानपणी म्हणे त्याची खात्रीच होती, चंद्र फक्त त्यांच्या काठाचा.

"आणि आता?"

"आता..." त्यानं माझ्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. "दुपारनंतर खिडकी तुमची. म्हणजे तोही तुमचाच."

माझे कान तापले. त्या दिवशीची नोंद मी दोनदा खोडली.

चौकस तोही कमी नव्हता. राग आला की मी पेन्सिलला टोक का करते, असं त्यानं एकदा विचारलं. मला रागच येत नाही, मी म्हटलं. त्यानं माझ्या केराच्या टोपलीकडे नुसतं पाहिलं. आमचं घर कुठे, घरी कोण, हेही त्यानं विचारून घेतलं होतं. सखल वस्तीत, अगदी पाण्याला लागून. आई आणि मी.

मग वरच्या डोंगरांत पाऊस थांबेना. एका दुपारी मी पुलाखालच्या पायऱ्यांवर पाणी बघत होते आणि डोळ्यांदेखत लाल खूण बुडाली. मी ओरडून त्याला सांगितलं आणि वर धावले. मी पोचेपर्यंत त्यानं थांबायचं, हा नियम. धापा टाकत दारात पोचले, तर – माझा फोन त्याच्या कानाशी. माझ्याच देशाला तो सांगत होता, सखल वस्ती आत्ताच्या आत्ता रिकामी करा. त्याचा स्वतःचा फोन जागचा हलला नव्हता.

संध्याकाळी आई मला उंचावरच्या शाळेत भेटली, गाठोडं उराशी घेऊन बसलेली. घरात छातीएवढं पाणी होतं. फोन कुणी केला, ते मी सांगितलं. तिनं गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"काय गं," मग म्हणाली, "जेवतो काय तो?"

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे साहेब आले. त्याचे साहेब संतापले, कारण त्यानं आधी आपल्या देशाला कळवलं नाही. माझे साहेब संतापले, कारण परक्यानं आमचा फोन उचलला. दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी प्रथमच पाहत होते.

"पाणी आधी त्यांच्याकडे शिरणार होतं," तो एवढंच म्हणाला.

मला राहवेना. "हे थांबले असते तर नियम वाचला असता, साहेब. माझी आई वाचली नसती. फोन एकदम उचलले म्हणून दोन्ही काठ सारखे होतात का? आमचा काठ खाली आहे."

दोन्ही साहेबांनी करार पुन्हा उघडला. बऱ्याच खलानंतर ठरलं, की यापुढे सखल काठाला आधी कळवायचं, फोन कुणाचा का असेना. पण नियम मोडला तो मोडलाच. त्याची नोकरी तेवढी वाचली, पण बदली झाली, त्याच्याच देशात, वरच्या धरणावर.

बॅग घेऊन तो पुलावर आला. मी मागोमाग गेले.

"जाण्याआधी एक विचारू?" तो म्हणाला.

"नाही. आज मीच विचारणार. जेवायला काय आवडतं? घरी कोण कोण असतं? आणि... लग्न ठरलंय का?"

"हे आई विचारतायत?"

"पहिले दोन."

वारा माझी ओढणी त्याच्या बाजूला नेत होता. मी ती आवरली नाही. त्यानं बॅग कठड्याशी ठेवली.

"ठरलेलं नव्हतं," तो म्हणाला. "आत्ता ठरतंय... असं वाटतं."

"वाटतं?"

"ठरलं."