भुताच्या चादरीची घडी

जिन्यावरून पांढरं भूत उतरत होतं. थिएटरात चिडीचूप. बायका एकमेकींच्या दंडाला चिकटलेल्या, पुरुष उगाच खाकरत होते... आणि मी मोठ्यानं म्हणाले, "अगं बाई, चादरीला घडी दिसतेय की!"

सगळं थिएटर हसलं. एक जण सोडून. माझ्या शेजारच्या खुर्चीतला. त्यानं चष्मा काढून हातात धरला होता आणि डोळे गच्च मिटले होते. तसाच, न बघता म्हणाला, "ताई, मी भ्यायला तिकीट काढलंय. जरा भिऊ द्या की."

"मग डोळे उघडून भ्या," मी म्हटलं. "मिटून भ्यायचं तर घरी फुकट होतं."

तो हसला. डोळे मिटूनच. पोरींनो, डोळे मिटून हसणारा पुरुष मी तोवर बघितला नव्हता.

मी तेव्हा लॉण्ड्रीत इस्त्री करायचे. शाळा चौथीत सुटली, पण कापडाचं मला कुणी शिकवू नये. रविवारी सुट्टी असायची, आणि दुपारच्या खेळाला त्या थिएटरात जुने काळे-पांढरे रहस्यपट लावायचे. डोंगरावर एकटं घर, बाहेर विजा, आत किरकिरणारी दारं, मेणबत्ती घेऊन फिरणारी मालकीणबाई. मला फार आवडायचे. भीतीसाठी नव्हे — त्या घरांसाठी. एवढाले जिने, एवढाले आरसे, आणि घरात तीन-तीन नोकर असून छताला जाळी लोंबतायत! मी मनातल्या मनात आत शिरून आधी पडदे धुवायला काढायचे.

पुढच्या रविवारी तो परत शेजारी. चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून काचा घासायचा, आणि इथे दार किरकिरलं की स्वतःचा चष्मा काढायचा. "दिसलं नाही की भीती निम्मी होते," म्हणायचा. एकदा तो चष्मा हातातून निसटता निसटता राहिला, तेव्हा शेवटी मीच म्हटलं, "आणा इकडे. फुटला तर रडाल."

तेव्हापासून तशीच रीत पडून गेली. दार किरकिरलं की चष्मा माझ्या हातात. मी तो माझ्या इस्त्रीच्या रुमालानं पुसत बसायचे आणि तो कानाशी विचारायचा,

"गेलं का?"

"नाही अजून. आरशामागे आहे."

"आता?"

"आता मालकिणीचा दीर आलाय मेणबत्ती विझवायला. खुनी तोच."

"अहो, सांगू नका ना!"

"मग विचारता कशाला?"

कधी कधी भूत केव्हाच गेलेलं असायचं. मी जरा उशिरानंच "गेलं" म्हणायचे. तेवढा वेळ त्याचा खांदा... असो.

मध्येच कधीतरी ते 'ताई' गळून पडलं. नुसतं 'अहो' उरलं. मला लगेच कळलं. कळल्याचं दाखवलं नाही.

एकदा मध्यंतरात त्यानं चहाचा कप पुढे केला. "तुम्ही कशालाच भीत नाही?"

"नाही."

"पालीला?"

"पाल मला भिते."

"मालकाला?"

"तोही मलाच भितो."

"म्हणजे तुमच्या शेजारी बसणाऱ्याला काही कामच नाही," तो म्हणाला. हसत म्हणाला, पण कपाकडे बघत.

मला वाटलं, कौतुक करतोय. मी आणखी ताठ बसले.

मग एका रविवारी खेळाआधी तो दारातच थांबलेला दिसला. "थोरल्या भावानं दुसऱ्या गावात दुकान टाकलंय. मला बोलावतोय... कायमचं."

"चांगलं आहे की."

"तुम्हाला... इथे एकटीला भीती नाही ना वाटणार?"

पोरींनो, 'वाटेल' एवढंच म्हणायचं होतं. त्याला काही शाळा लागत नाही. घशापर्यंत आलंही होतं. पण मान ताठ ती ताठच. मी हसले — "मला? आणि भीती? कुणाची, चादरीची?"

"तेही खरंच," तो म्हणाला.

आत गेलो. दार किरकिरलं. मी अंधारात हात पुढे केला, तळवा वर करून. त्यानं चष्मा काढला नाही. सगळा सिनेमा उघड्या डोळ्यांनी बघितला, खुनासकट. माझा रुमाल मांडीवर घडी घातलेला तसाच राहिला.

पुढच्या रविवारी शेजारी कुणीतरी जाडजूड माणूस घोरत होता. पडद्यावर नुसता वारा सुटला, एक खिडकी आपटली, बाकी काही नाही... आणि मी दचकले. जन्मात पहिल्यांदा. अर्ध्यातून उठून घरी आले.

चूक कुणाची, ते मी सांगणार नाही. त्यालाही तोंड होतं, सरळ विचारायचं. पुढे माझं लग्न झालं, स्वतःची लॉण्ड्री झाली, मुलगे झाले, सुना आल्या, आणि आज माझ्या नुसत्या खाकरण्यानं घर जागच्या जागी उभं राहतं. नवरा भला माणूस होता. तोही कशाला भीत नसे. म्हणून आम्ही सिनेमाला कधी गेलोच नाही.

परवा दुपारी टीव्हीवर तोच सिनेमा लागला. तेच घर, तोच जिना. धाकटी नात माझ्या कुशीत तोंड खुपसून बसलेली. "आजी, तू कशी गं भीत नाहीस?"

"भिते," मी म्हटलं.

सुनेनं भाजी चिरता चिरता वर बघितलं. मुलगा खो खो हसला. "आई आणि भिते! भुताला कळलं तर लाजेल बिचारं."

"भिते म्हटलं ना! हात धर गं माझा."

नातीनं हसत हसत धरला. पांढरं भूत जिना उतरायला लागलं. चादरीची घडी अजून तशीच दिसत होती, चांगली ठसठशीत. मी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.