आखूड स्क्रू तीन, बाकी लांब

हे माझ्या सख्ख्या मामाबरोबर घडलंय. कुणाच्या मित्राच्या मित्राबरोबर नाही. पटत नसेल तर खाली हसायचे इमोजी टाका आणि निघा, माझं काही अडत नाही.

आणि रात्र नव्हती. अंधार नव्हता, कुत्री रडत नव्हती. गुरुवार होता, दुपारचे तीन वाजले होते आणि डोक्यावर दोन ट्यूबलाइट चालू होत्या.

मामाचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. सात मजली इमारतीच्या तळघरात. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला लिफ्ट. मामा डोक्याला दिवा बांधून काम करतो, म्हणून सगळी इमारत त्याला 'सर्जन' म्हणते. चिडवायला म्हणते. त्याला वाटतं, मानाने म्हणते.

गिऱ्हाईक आलं की सर्जन आधी त्याची अक्कल काढतो, मग लॅपटॉप उघडतो.

"गादीवर ठेवून वापरता? अहो, त्याचं नाक खालच्या बाजूला असतं. तुम्ही झोपा तोंडावर उशी घेऊन, मग विचारा गरम का होतो."

काउंटरवर त्याने काचेची बरणी ठेवलीय. लोकांच्या कीबोर्डमधून जे निघतं ते तिच्यात. बिस्किटाचा चुरा, मांजराचे केस, कापलेली नखं, कुणाचा तरी दुधाचा दात. बरणीवर चिठ्ठी चिकटवलीय... 'सुशिक्षित लोक'.

आणि स्वतः? स्वतः लॅपटॉपमधली धूळ तोंडाने फुंकतो, थुंकीसकट. चहाचा कप उघड्या लॅपटॉपला टेकवून ठेवतो. पण सर्जनला कोण सांगणार.

तर त्या गुरुवारी एक बाई आल्या. चाळिशीच्या. मऊ फडक्यात गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन.

मामाने उलटासुलटा करून बघितला. एक ओरखडा नाही. जाळीत टॉर्च मारली. धुळीचा कण नाही.

"किती दिवस झाले घेऊन?"

"सात वर्षं."

मामा वैतागला. बोलायला काही सापडेना ना.

"बाबांचा आहे," बाई म्हणाल्या. "ते जाऊन वीस दिवस झाले. तेव्हापासून चालूच होत नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या आईला दिसत नाही. बाबा तिला रोज चार वाजता पुस्तक वाचून दाखवायचे. आजारी पडले तसं त्यांनी वाचलेलं सगळं ह्यात रेकॉर्ड करायला घेतलं. आपण गेल्यावर तिला ऐकता यावं म्हणून. दोन वर्षं करत होते.

"आई अजून चारला खुर्चीत येऊन बसते. विचारते, झाला का गं चालू."

"कॉपी कुठे ठेवलीय?"

"नाही ठेवली. ते म्हणायचे, नीट सांभाळलं तर कशाला बिघडतंय."

मामा हसला. "सात वर्षं पुसत बसले आणि कॉपी एक नाही. वा. असल्या पातळ लॅपटॉपमध्ये सगळं बोर्डावरच असतं. बोर्ड गेला की तुमच्या बाबांचा आवाज गेला. कायमचा."

असं, तोंडावर. वीस दिवसांपूर्वी बाप गेलेल्या बाईला.

"मग आधी तेवढं कॉपी करून घ्याल का?"

"मला शिकवू नका."

"बाबा गेले तेव्हा हाच साफ करत होते. मागचं झाकण उघडं होतं. ते मीच लावलं नंतर."

"तुम्ही? संपलं मग."

"आत लिहिलंय ना, कुठला स्क्रू कुठे ते. वाचून लावले."

"चार वाजता या," मामा म्हणाला.

बाई गेल्या. मामाने दहा स्क्रू काढले.

दुरुस्तीवाले काय करतात, कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढतात आणि जिथला स्क्रू तिथे ठेवतात. कारण स्क्रू आखूड-लांब असतात. आखूड जागी लांब गेला तर तो खालच्या बोर्डात घुसतो. मामाही आधी चौकोन काढायचा. आता सर्जन झालाय. त्याने दहाच्या दहा एका डबीच्या झाकणात टाकले.

...च्.

जिभेने करतात ना, कुणी काही भिकार केलं की. तसा आवाज.

मामाने वर बघितलं. दुकानात कुणी नाही. भिंतीपलीकडे झेरॉक्सवाला असेल.

त्याने लॅपटॉपचं मागचं झाकण उचललं. आतल्या बाजूला कागदी पट्टी होती, पेन्सिलीने कोरून लिहिलेली. 'डावीकडचे आखूड स्क्रू तीन, बाकी लांब. घाई करू नये.'

"मास्तर दिसतोय थेरडा," मामा म्हणाला.

...च्.

आता जवळून.

मामाने कान खाजवला आणि आत बघितलं. मग खो खो हसला. बॅटरीची वायर नुसती सुटी होती. साफ करायच्या आधी काढतात तशी. म्हाताऱ्याने नीट काढली, परत लावायच्या आधीच गेला, मुलीने वरून झाकण लावलं. बस. दोन मिनिटांचं काम. बोर्डाचं मोठं काम निघालं असं सांगायचं त्याने ठरवून टाकलं.

त्याने चहाचा कप लॅपटॉपला टेकवला आणि ब्रश घ्यायला मागे वळला.

वळून परत बघतो तर...

कप टेबलावर नव्हता.

कप समोरच्या फळीवर होता. डबीचं झाकण रिकामं होतं. आणि टेबलावर स्क्रू दोन रांगांत उभे होते.

एका रांगेत तीन. एका रांगेत सात.

तुम्ही-आम्ही पळालो असतो. मामा चिडला. त्याच्या टेबलावर त्याला शिकवतंय कोण? त्याने हाताच्या एका फटकाऱ्यात सगळे स्क्रू परत डबीच्या झाकणात लोटले.

तेव्हा झेरॉक्सचं मशीन थांबलं.

लिफ्टचा आवाज थांबला.

फळीवर चार लॅपटॉप टेस्टिंगला लावलेले असतात, त्यांचे पंखे घूंऽऽ करत असतात. तेही गप्प. स्क्रीन मात्र चालू.

मामाने पटकन वायर जोडली, लॅपटॉप अर्धवट उघडून एका कडेवर उभा केला आणि बटण दाबलं. चालू झाला. फोल्डर समोरच होतं. तारखेवार, शेकड्याने फायली. आवाज येतो का बघायला त्याने एक उघडली.

म्हातारा वाचत होता. सावकाश, घसा खरवडत.

"...आणि मग ती दोघं स्टेशनच्या बाकावर बसली. गाडीला अजून वेळ होता..."

पान उलटल्याचा आवाज आला.

"च्. पानं चिकटलीत गं. थांब."



तोच. अगदी तोच आवाज.

आता ऐका. समोर पेन ड्राइव्ह पडला होता. दहा मिनिटं लागली असती. शेंबड्या पोरालाही कळेल की आधी कॉपी करावी. पण सर्जनला फक्त ते भूत दुकानाबाहेर काढायचं होतं. त्याने लॅपटॉप बंदसुद्धा केला नाही. म्हातारा आत वाचतोय आणि हा वरून झाकण लावतोय, हाताला येईल तो स्क्रू ठोकतोय.

डावीकडच्या तिसऱ्या स्क्रूला त्याच्या मनगटावर कुणीतरी दोन बोटं ठेवली.

जोर नाही. नाडी बघतात तशी. थंडही नव्हती. कोमट होती.

मामाने हात झटकला आणि स्क्रू पिळला.

...कट्.

आवाज शब्दाच्या मध्येच तुटला. परत आला नाही.

मामाने झाकण उघडलं तेव्हा लांब स्क्रूने बोर्डाला पार भोक पाडलं होतं. असं फुटलेलं जोडता येत नाही. हे तोच लोकांना ओरडून सांगतो.

चारला बाई आल्या, आईला हाताला धरून. म्हातारी बारीक, पांढऱ्या काठीची.

आणि माझा मामा काय म्हणाला माहितीय?

"तुम्ही आखूड जागी लांब स्क्रू लावलात. बोर्ड फुटला. आता काही होत नाही."

बाईंचं तोंड पांढरं पडलं. "मी वाचून लावले होते हो."

"वाचता येणं वेगळं आणि कळणं वेगळं."

...च्.

बाईंना ऐकू आलं नाही. मामाला आलं.

आणि म्हातारीला आलं. तिने मान वळवली. मामाकडे नाही... त्याच्या डाव्या खांद्याच्या जरा वर.

"हे तर इथेच आहेत की."

"आई, चल."

"थांब गं. कुणी खोटं बोललं की हे असंच करतात." मग मामाला म्हणाली, "तो स्क्रू हिने नाही लावला ना?"

मामा म्हणाला, "नाही. मी लावला."

बाई रडायला लागल्या. म्हातारी ओरडली नाही, काही नाही. "आवाज गेला तर गेला. मला एक खुर्ची द्या. मी रोज चारला येत जाईन."

येते. रोज. तासभर बसते.

पहिले काही दिवस अडचण नव्हती. मामा मुळातच गबाळा. कप ठेवला, च्. फुंकर मारली, च्. म्हातारी खुदकन हसायची.

पण मामाची फाटली होती. पश्चात्ताप वगैरे काही नाही, नुसती फाटली होती. म्हणून तो सुधारला. कागदावर चौकोन काढायला लागला, कप बाहेर नेऊन ठेवला.

मग आवाज थांबला.

म्हातारी पाचपर्यंत बसून राहायची. "आज बोलले नाहीत." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने हळूच विचारलं, "गेले का हो?"

मामा सांगतो, तिचं ते तोंड बघवेना. त्याने मुद्दाम कप आणून लॅपटॉपला टेकवला.

...च्.

म्हातारी खुर्चीत ताठ झाली.

हे मला मामाने परवा दुकानात सांगितलं. मी म्हटलं, "मग काय, रोज एक कप ठेव."

"कपाने आता होत नाही," मामा म्हणाला. "स्क्रू मिसळले, फुंकर मारली. काही नाही. त्याला कळलंय बहुतेक, मी मुद्दाम करतो ते."

"मग?"

"सोमवारी पाच वाजत आले होते. म्हातारी उठायला लागली. टेबलावर एका कॉलेजच्या पोरीचा लॅपटॉप होता. धडधाकट. नुसता साफ करायला आलेला."

"काय केलंस?"

"उचलला. आणि हात सैल सोडला."

"मुद्दाम पाडलास?"

"मोठा आला आवाज," मामा म्हणाला. "ती म्हणाली, आज फार चिडलेत. हसत गेली घरी."

मी फळीकडे बघितलं. अकरा लॅपटॉप होते, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. खाली मामाच्या अक्षरात, 'फक्त साफ करणे'.

घड्याळात पावणेचार झाले होते. मामाने त्यातला एक काढून टेबलावर घेतला.