दोनशे चौदाचा फोन

पंपांच्या कारखान्याची मालकीण गुप्तहेराकडे आली ती हॉटेलचं बिल हातात घेऊनच. ज्यांना वडिलांच्या जागी मानलं त्यांनी आपल्या टेंडरचा आकडा प्रतिस्पर्ध्याला विकला, असं तिने सांगितलं. त्यांना तिने तिथल्या तिथे कामावरून काढलं होतं. याआधी त्यांनी किती वेळा दगा दिला, एवढंच तिला आता जाणून घ्यायचं होतं.

टेंडर भरायला ती, तिचा धाकटा भाऊ आणि बावीस वर्षं कारखान्याचे नकाशे काढणारे काका असे तिघं परगावी हॉटेलात उतरले होते. प्रतिस्पर्ध्याचा भाव तिच्यापेक्षा केसभर कमी निघाला. हॉटेल सोडताना भावाने सविस्तर बिल मागवलं. काकांच्या खोलीतून, दोनशे चौदामधून, टेंडरच्या दिवशी सकाळी आठ पन्नासला त्याच कंपनीला फोन गेला होता.

"यंत्र कशाला खोटं बोलेल, दाजी?" मेहुणा म्हणाला. हा गुप्तहेराच्या बायकोचा भाऊ. कायम सोबत असायचा आणि समोर येईल त्या पहिल्या कागदावर विश्वास ठेवायचा.

गुप्तहेर भेटायला गेला तेव्हा काका फार बोलले नाहीत. आठ पन्नासला आपण अंघोळ करत होतो, एवढंच म्हणाले. मालकिणीचा भाऊ नकाशे न्यायला येणार म्हणून दार नुसतं लोटून ठेवलं होतं.

भावाने मात्र सगळं रंगवून सांगितलं. तो खोलीत गेला तेव्हा काका पाठमोरे उभे राहून फोनवर कोणाला तरी आकडे सांगत होते. पलीकडच्याने पुन्हा विचारलं म्हणून त्यांनी ते दोनदा सांगितले.

"संपलं प्रकरण," मेहुणा म्हणाला.

गुप्तहेर त्याला घेऊन हॉटेलात गेला. टेलिफोन ऑपरेटरबाईंनी यंत्राची नोंद दाखवली: खोली, नंबर, वेळ. फोन पंचावन्न सेकंदांचा होता.

"पलीकडे कोणी उचलला का, हे यंत्राला कळतं?"

"नाही ना. जुनं यंत्र आहे. चाळीस सेकंद लाइन चालू राहिली की बोलणं झालं असं धरतं. नुसती रिंग वाजली तरी बिल पडतं." त्यावरून लोक रोज हुज्जत घालतात, असंही त्या म्हणाल्या. मालकीणबाईंच्या भावानेही मागच्या खेपेला घातली होती.

तिथून दोघं प्रतिस्पर्ध्याच्या ऑफिसवर गेले. पहारेकऱ्याने सांगितलं, कुलूप दहाला उघडतं. त्याआधी आत चिटपाखरू नसतं. फोन वाजून वाजून गप्प होतात.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गुप्तहेराने बहीण-भावाला समोरासमोर बसवलं.

"आठ पन्नासला तो फोन उचलायला तिथे कोणीच नव्हतं," तो म्हणाला. "पंचावन्न सेकंद नुसती रिंग वाजली. मग काकांनी आकडे सांगितले कोणाला? आणि पुन्हा विचारले कोणी?"

भावाने टेबलावरचं बिल बाजूला सरकवलं.

"फोन तुम्ही लावलात, काका अंघोळ करत असताना. उचलला नाही तरी बिलावर येतो, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून तर सविस्तर बिल मागवलंत. आकडा तुम्ही आधीच पोचवला होता. फोन फक्त काकांवर आळ यावा म्हणून."

मालकीण भावाकडे बघत राहिली. त्याने नाकारलं असतं तर तिने अजूनही मानलं असतं.

"ती कंपनी मला भागीदार करणार होती, ताई," तो म्हणाला. "इथे मी कायम तुझा धाकटा भाऊच राहिलो."

ती त्याच दुपारी काकांच्या घरी गेली. त्यांनी बसायला खुर्ची दिली. तिने हात जोडून माफी मागितली, कामावर परत या म्हणाली. त्यांनी शांतपणे मान हलवून नकार दिला.

"पण काका, तुम्ही त्या दिवशी काही बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नव्हतंस, पोरी," ते म्हणाले. "तू सांगितलं होतंस."