एक जानेवारीचं पान

लोर्ना हॅस्किन्सने नवऱ्याच्या भरपाईच्या दाव्याच्या नामंजुरीचं पत्र टेबलावर आपटलं.

"माझ्या डेल्बर्टला खोटारडा ठरवलंय, व्हर्ना! कॅन्सरने अंथरुणाला खिळलाय तो, आणि हे म्हणतात, त्याचं जहाज नदीत गेलंच नव्हतं."

व्हर्ना ओकरलंड नौदलात वीस वर्षं काढून आता नॉरफोकमध्ये जुन्या सैनिकांची अडलेली प्रकरणं सोडवत असे. तिचा कामातला जोडीदार डॉइल पायदळातला. त्याला जहाजातलं ओ की ठो कळत नसे.

"नदीच कशाला हवी?" त्याने विचारलं.

"व्हिएतनामच्या जंगलाची पानं झडवायला विष फवारलं होतं. नदीत शिरलेल्यांना त्याची बाधा झाली, असं सरकार धरून चालतं. समुद्रातल्यांकडे पुरावा मागतं."

दावे तपासणारा प्रूइट थंडपणे म्हणाला, "बाई, जहाजाची रोजनिशी टाइप करून घेतलीय. एकतीस डिसेंबरच्या दुपारी समुद्रात, एक तारखेच्या दुपारी समुद्रात. मधलं टायपिस्टने कामाचं तेवढंच घेतलं."

त्या मधल्या रात्री जहाजावर पहाऱ्याला असलेला अधिकारी टॉलिव्हर आता सत्तरीचा होता.

"नोंद मीच केली. दिवसभर डोकं खाजवलं, तीन कागद फाडले. एवढी मेहनत बायकोच्या पत्रांवरही नाही घेतली!"

बाहेर येताच डॉइल म्हणाला, "हाच लबाड! खरं लिहायला दिवस लागतो होय?"

"खरं लिहायला नाही लागत," व्हर्ना हसली आणि थेट अभिलेखागारात गेली.

दोन दिवसांनी प्रूइटच्या खोलीत तिने मूळ पानाची प्रत ठेवली.

"मधल्या रात्रीची नोंद ही. नौदलात नव्या वर्षाची पहिली नोंद पद्यात करायची रीत आहे. ठिकाण, नांगर, साखळी किती वाव लांब सोडली, सगळं यमकात बसवायचं. म्हणून टॉलिव्हरला दिवस लागला. टायपिस्टला वाटलं, पोरांचा चावटपणा, आणि त्याने गाळला. नोंद मात्र अधिकृत आहे, सहीनिशी."

सोबत आलेल्या लोर्नाने घरी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि ती मोठ्याने वाचू लागली.

"नांगर रुतला चिखलात, साखळी वाव साठ,
डावीकडे नदीचा काठ, उजवीकडे काठ."

ती थांबली. पलीकडून धाप लागलेल्या आवाजात डेल्बर्ट पुढच्या ओळी पाठ म्हणू लागला. त्या रात्री पहाऱ्यावर तो टॉलिव्हरच्या शेजारीच उभा होता.

"झाडांवर नाही एकही पान, नदीवर नाही वारा,
सुखी असा रे घरच्या माणसांनो, आमचा आहे पहारा."

प्रूइटचं बोट कागदावरून सरकत होतं. चाळीस वर्षांनंतरही एक शब्द चुकला नव्हता.

प्रूइटने हात पुढे केला. "जरा फोन द्या. त्यांची माफी मागायचीय."