गाडीचा डावा हात

पुढचं चाक तिसऱ्यांदा सैल झालं, आणि आतोबांनी जाहीर करून टाकलं की हे कोणीतरी मुद्दाम करतंय.

गाडी आतोबांची. इंग्लंडमध्ये बनलेली, साठ वर्षांची, गडद हिरवी, दोन माणसांपुरती आणि बिनछपराची. तिच्या चाकांना सायकलीसारख्या तारा होत्या, आणि प्रत्येक चाक मधोमध एकाच मोठ्या नटाने बसवलेलं होतं. नटाला दोन कान. त्या कानांवर तांब्याच्या हातोडीने ठोकलं की नट घट्ट व्हायचा. आतोबा तिचे मालक होते, म्हणजे ते तिच्यासमोर उभे राहत. आत बसणं क्वचितच. महिन्यातून एकदा, ऊन आणि धूळ दोन्ही नसतील अशा दिवशी, चौकापर्यंत जाऊन परत. एरवी मऊ फडक्याने तिचं नाक पुसायचं, दोन पावलं मागे जायचं, मान तिरकी करायची आणि सुस्कारा टाकायचा.

असे सुस्कारे टाकणारे अकरा जण मिळून जुन्या गाड्यांचं एक मंडळ झालं होतं. आत्या-आतोबांच्या घराला लागून असलेल्या शेडमध्ये ते दर रविवारी जमत. दातांचे डॉक्टर मंडळाचे अध्यक्ष होते, कारण त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. गाड्या चालत्या ठेवायचं काम मात्र मिस्त्रीकाका करत. बावीस वर्षं ते शेडच्या मागच्या कोपऱ्यात बाकावर बसून करवत, पाना आणि कानस चालवत आले होते. इंजिन ते उघडायचे, साफ करायचे, जोडायचे, आणि मग मालक चारचौघांत सांगायचा, "मी स्वतः उभी केली बरं का गाडी."

त्या रविवारी सगळ्या माना मिस्त्रीकाकांकडे वळल्या. आतोबांनी त्यांना काही महिन्यांपूर्वी गाडीवर तेलकट बोटं उमटवल्याबद्दल झापलं होतं. तो राग यांनी असा काढला, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं. पुढच्या रविवारच्या सभेत ठराव होईल आणि मिस्त्रींनी बाक रिकामा करून द्यावा, तोवर त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकू नये, असंही त्यांनी सांगितलं.

"पुढच्या चाकांना मी हातच लावलेला नाही," मिस्त्रीकाका म्हणाले.

ते कोणीच ऐकलं नाही. मिस्त्रीकाकांनी हात पुसले, फडकं घडी करून बाकावर ठेवलं आणि ते निघून गेले. साऱ्या गल्लीतले पंप आणि शिलाई मशिनं त्याच बाकावर दुरुस्तीला यायची. चाकं सैल करणारा माणूस असा शिक्का एकदा बसल्यावर त्यांच्याकडे कोण काय देणार होतं?

हे सगळं तीन भावंडं दारात उभी राहून बघत होती. सुट्टीला आत्याकडे आलेली. ताई सगळ्यांत मोठी. मधला शंकासुर, कारण त्याला सूर्य उगवला तरी पुरावा लागायचा. धाकट्याचं नाव पडलं होतं खडू. त्याच्या खिशात खडू नाही असा दिवस नव्हता, आणि आत्याच्या घरात रेघ नाही अशी भिंत नव्हती.

"अकरा मोठी माणसं," ताई म्हणाली, "आणि एकालाही वाकून चाक बघावंसं वाटलं नाही."

"वाकलं तर पँटची इस्त्री मोडते," शंकासुर म्हणाला. "पण मिस्त्रीकाकांनी केलं नाही हे तरी कशावरून?"

ताईने त्याला एक धपाटा घातला, पण प्रश्न बरोबर होता. मग ठरलं की आधी नट कधी सैल होतो ते शोधायचं. आतोबांनी चारी नट नव्याने ठोकले. ठोकताना तीन फोटो काढून घेतले. ते गेल्यावर खडूने प्रत्येक चाकावर एक सरळ रेघ मारली, अर्धी नटावर आणि अर्धी चाकावर. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटणार. शेडची किल्ली आत्याकडे असे. ताईने ती मागून घेतली आणि गळ्यात घातली. आत्याने कशाला म्हणून विचारलं नाही. नवऱ्याच्या सुस्काऱ्यांचा तिलाही कंटाळा आला होता.

बुधवारी रेघा अखंड. गुरुवारीही अखंड. शुक्रवारी आभाळ भरून आलं तेव्हा आतोबांनी ताईला शेड उघडायला लावून गाडी बाहेर काढली. आता शत्रू शेडबाहेर गेला, आता बघा कशी चालते, असं म्हणत ते निघाले. तिघं सायकली घेऊन मागोमाग गेली. गाडी कुठेही थांबली नाही, तिला कोणी शिवलंही नाही. चौकाला वळसा घालून आतोबा परत आले, खाली उतरले, दोन पावलं मागे गेले आणि सुस्कारा टाकून चहाला गेले.

खडू आधीच चाकाशी बसला होता. मागच्या दोन्ही रेघा जशाच्या तशा होत्या. पुढच्या दोन्ही चाकांवर मात्र नटावरची अर्धी रेघ दोन बोटं सरकली होती.

तिघं तशीच मिस्त्रीकाकांच्या घरी गेली. ते पायरीवर कोणाचा तरी पंखा उघडून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"नट सरकला कुठे? गाडी पुढे जाताना चाक फिरतं तिकडे, की उलटा?"

"उलटा," शंकासुर म्हणाला. त्याने ते दोनदा तपासलं होतं.

मिस्त्रीकाकांनी पंख्याचं पातं खाली ठेवलं. मग त्यांनी सांगितलं की अशा गाड्यांत दोन बाजूंच्या नटांचे आटे उलटसुलट असतात. गाडी पळेल तसा नट आवळत जावा म्हणून ही सोय. डाव्या बाजूचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, आणि नट उजवीकडे बसवला, तर तोच नट पळता पळता उघडत जातो. म्हणून कुठला नट कुठल्या बाजूचा ते नटावरच कोरलेलं असतं.

"मग आतोबांनी वाचलं कसं नाही?" ताईने विचारलं.

"वाचलं असणार. पुढचे हब पॉलिश होऊन आले तेव्हा मला शिवू दिलं नाही, पण स्वतः अक्षरं वाचून बसवलं असणार." मिस्त्रीकाका थोडं हसले. "ते कुठे उभे राहतात ते आठव."

ताईला आधी कळेना. मग ती उठून पायरीसमोर जाऊन उभी राहिली, मिस्त्रीकाकांकडे तोंड करून, आणि तिने आपला डावा हात वर केला. समोर मिस्त्रीकाकांनी आपला डावा हात वर केला. दोन्ही हात दोन बाजूंना होते.

तुम्हीच चला आणि सांगा, असा तिने आग्रह धरला. मिस्त्रीकाका नको म्हणाले. आपण सांगितलं तर चोर सारवासारव करतोय असंच म्हणतील, हे ते जाणून होते. पण रविवारी दारापर्यंत यायला ते कबूल झाले. परत आल्यावर ताईने आत्याला सगळं सांगितलं, आणि रविवारपर्यंत किल्ली कोणालाही मिळणार नाही, असं आत्याने परस्पर ठरवून टाकलं.

रविवारी अकरा जण इस्त्रीचे कपडे घालून जमले. अध्यक्षांनी घसा खाकरून ठराव वाचायला घेतला, तेवढ्यात ताई पुढे झाली. सुट्टीवर निबंध लिहायचाय, आतोबांनी पुढची चाकं स्वतः कशी बसवली ते सांगतील का, असं तिने अगदी गरीब चेहऱ्याने विचारलं.

आतोबांची कळी खुलली. हब पॉलिशला दिले होते, ते आल्यावर आपण एकट्याने बसवले, दुसऱ्या कोणाचं बोटसुद्धा लागू दिलं नाही, हे त्यांनी रंगवून सांगितलं. नटावरची अक्षरं वाचून, डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडे. अध्यक्ष तेव्हा शेजारीच होते. त्यांनीही मान डोलावली.

"आतोबा, आता जरा आत बसता?" ताई म्हणाली.

ते बसले. बिचाऱ्यांना वाटलं फोटो काढायचाय.

"डावा हात बाहेर काढा. आणि डॉक्टरकाका, त्या हाताखालच्या चाकावर काय कोरलंय ते मोठ्याने वाचा ना. तुमचा आवाज चांगला आहे."

अध्यक्ष वाकले. त्यांच्या पँटची इस्त्री मोडली. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"राइट. म्हणजे उजवी," ते म्हणाले. या वेळी आवाज काही मोठा निघाला नाही.

शंकासुराने मग खडूच्या रेघा दाखवल्या आणि आटे समजावले. शुक्रवारची फेरीही सांगितली, तीही मिस्त्रीकाका शेडमध्ये नसताना झालेली. कोणी छताकडे बघत होतं, कोणी बुटांकडे. गाडीच्या नाकासमोर वर्षानुवर्षं उभं राहून अकरा जणांना तिचा डावा हात कुठला हे कळलं नव्हतं.

आत्या दारातून म्हणाली, "डॉक्टर, रोज लोकांचे दात समोरूनच काढता ना तुम्ही? डावा कुठला ते कसं ठरवता?"

अध्यक्षांनी ठरावाचा कागद चार घड्या करून खिशात घातला. मग त्यांना एकदम मुलांचं कौतुक आठवलं. काय हुशार पोरं, काय निरीक्षण, मंडळातर्फे यांचा सत्कार केला पाहिजे, असं ते म्हणू लागले आणि बाकीच्यांनी घाईघाईने टाळ्या सुरू केल्या.

"सत्कार नकोय," ताई म्हणाली. "मिस्त्रीकाका दारात उभे आहेत. त्यांना काय म्हणायचं ते म्हणा. सगळ्यांसमोर म्हणाला होतात, तसंच सगळ्यांसमोर."

आतोबा गाडीतून उतरले. कान लाल झाले होते. "चूक माझी होती, मिस्त्री," ते म्हणाले. "बाक तुमचाच आहे." आणि त्यांनी तांब्याची हातोडी त्यांच्यापुढे धरली.

मिस्त्रीकाकांनी हातोडी घेतली. आधी खडूची रेघ बघितली, बोट फिरवून बघितली, आणि म्हणाले, "बावीस वर्षांत इतकं नीट काम या शेडमध्ये दुसऱ्या कोणी केलं नव्हतं." खडूचा चेहरा असा फुलला की अध्यक्षांच्या साऱ्या टाळ्या फुकट गेल्या.

मग गाडी उचलली गेली. तिन्ही भावंडांना एकेक पाना मिळाला. आतोबांना बॅटरी धरायचं काम मिळालं. ते गाडीपुढे येऊन उभे राहिले, सवयीने.

"उजेड डावीकडे टाकू का?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रीकाकांनी चाकाखालून मान वर न करता विचारलं, "कोणाच्या?"