खांद्यातला खडू

क्लिनिकच्या बाकावर तो माझ्या शेजारी बसला होता, म्हणून मी त्याला पेशंटच समजले.

"तुमचं काय दुखतंय?" मी विचारलं.

"अजून तरी... काही नाही," तो म्हणाला आणि पाच मिनिटांनी आतून त्यानेच माझं नाव पुकारलं. फिजिओथेरपिस्ट निघाला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी केस कापते. दिवसभर हात वर. पण महिनाभर उजवा हात खांद्यापर्यंतसुद्धा जाईना; कात्री उचलली की डोळ्यांपुढे काजवे. एक्स-रेमध्ये खांद्याच्या स्नायूच्या टोकाशी खडूच्या कणासारखा पांढरा ठिपका दिसला. कॅल्शियम साचलंय, म्हणे. आईने त्याच दिवशी माझं दूध बंद केलं.

"दुधाचा काही दोष नाही," तो म्हणाला. "हे का साचतं, ते अजून कुणालाच नक्की सांगता येत नाही. बऱ्याचदा शरीर स्वतःच ते विरघळवतं. गंमत म्हणजे, विरघळताना सगळ्यात जास्त दुखतं."

"याला तुम्ही गंमत म्हणता?"

"सॉरी..." त्याचे कान लालबुंद झाले.

त्या कानांनीच सगळा घोटाळा केला. आठवड्यातून तीनदा तो माझा हात अलगद वर न्यायचा, कोन मोजायचा, फाइलमध्ये लिहायचा. सहाव्या आठवड्यात दुखणं पार गेलं. आणि मी मात्र हात नव्वद अंशांवर आला की "आई गं!" म्हणून ओरडायला लागले. का? देव जाणे! हे प्रेम होतं, की दुखणं घालवणाऱ्या माणसाचं नुसतं कौतुक? रात्रंदिवस विचार केला, काही उलगडेना. घरी पंखा पुसताना हात सरळ छताला लागायचा.

"तिकडे गेलीस की बरं दुखतं गं तुला!" आई म्हणायची.

तो बिचारा वेगळ्याच कोड्यात. "नवा एक्स-रे बघा ना. ठिपका जवळजवळ नाहीसा झालाय. मग हात का अडतो?" त्याचा उतरलेला चेहरा बघून मला अपराधी वाटायचं, पण खरं काही तोंडातून निघेना.

एका शुक्रवारी त्याने कोन मोजलाच नाही.

"सोमवारपासून आमच्या मॅडम तुम्हाला बघतील. खांदा आखडला असेल, तर कदाचित भूल देऊन मोकळा करावा लागेल."

"आणि तुम्ही?"

"मी... नको."

"माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही हो. तुम्ही 'आई गं' म्हणता आणि मी कोन सोडून तुमच्याकडेच बघत बसतो. पेशंटच्या बाबतीत असं होऊन चालत नाही." तो खिडकीकडे बघत राहिला.

आता खरं सांगितलं तर तो माझं तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर तो जाणार आणि वर मला भूल! मी उठून उभी राहिले. डोळे गच्च मिटले आणि हात उचलला... नव्वद, एकशेवीस, थेट कानाला लागून वर.

तो हाताकडे बघे, माझ्याकडे बघे, पुन्हा हाताकडे.

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे मी पुस्तकं उलथीपालथी केली! मला वाटलं, मला काम येत नाही!"

"बरी झाले असते तर यायला कारणच उरलं नसतं," मी म्हणाले. माझे डोळे भरून आले. "तुम्ही मला आवडता. खांदा ठणठणीत आहे... बाकी माझं मलाच काही कळत नाहीये."

त्याने फाइल ओढली, 'पूर्ण बरी' असं लिहिलं आणि सही केली. म्हणजे आता इथे यायचं कारणच संपलं.

"रागावलात?"

"खूप," तो म्हणाला, पण त्याचे ओठ हसू दाबत होते. "इथे नीट रागावता येणार नाही. मी सहाला सुटतो. तेव्हा भेटाल... तासभर रागवायला?"

साडेपाचलाच मी खाली जिन्याशी उभी होते.