तीन खेळाडू, चार चिठ्ठ्या

रविवारी मामाचं कापडाचं दुकान बंद असे, म्हणून रिझवाननं वरच्या गोदामाची किल्ली मागून घेतली होती. गुलमंडीत एवढी शांत आणि तीही फुकटची जागा दुसरी कुठं मिळणार! शिवाय खेळाला लागतं तरी काय? फासे, कागद, पेन्सिली. रिझवान गोष्ट सांगायचा आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. कुणी शिपाई, कुणी वैद्य, कुणी चोर.

मात्र आधी एक रिवाज होता. सुरू करण्यापूर्वी काय काय कळायला हवं, ते प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं, आणि रिझवाननं प्रत्येक चिठ्ठीला उत्तर द्यायचंच. चिठ्ठीवर नाव नसे, गरजही नसे. कृष्णा म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्याला काहीच कळायला नको असे. योगिनीला सगळे नियम हवे असत. आणि रिझवानच्या धाकट्या बहिणीला, नौशीनला, शेवट हवा असे.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मधला भाऊ मुनीब वाळूजला कामावर म्हणून गेला, तो परत आलाच नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, दर्गे झाले. नौशीननं स्वतःला घरात कोंडून घेतलं. या खेळामुळं ती पुन्हा उंबरठा ओलांडू लागली होती. ती परत तशी झाली तर काय करायचं, या विचारानं रिझवानचा जीव रोज टांगणीला लागायचा.

त्या दुपारी वीज नव्हती. खिडकीला खेटून तागे रचलेले, खोलीत कोऱ्या कापडाच्या खळीचा कोंदट वास. रिझवाननं डबा उपडा केला. चार चिठ्ठ्या पडल्या.

तीन ओळखीच्या निघाल्या. चौथीवर लिहिलं होतं, ‘गोष्ट सांगू नका. मी कुठून आत यायचं, तेवढं सांगा.’

“कृष्णा, तुझाच चावटपणा ना?”

“नाय बा. मी कोराच कागद टाकलाय. ह्यो बघ.”

योगिनीनंही नकारार्थी मान हलवली. नौशीन चिठ्ठीकडं बघत राहिली. पण रिवाज तो रिवाज. रिझवान हसत म्हणाला, “जिन्यानं या. दार लोटलेलंच आहे.”

बोलायला नको होतं. पण माणसाला हे आधी कळतं कधी?

खालच्या शटरला त्यांनीच आतून कुलूप घातलं होतं. तरी जिन्याची लाकडी पायरी वाजली. मग दुसरी. पावलं सावकाश, एकसारखी… म्हाताऱ्याची नाहीत, पोराची नाहीत, बाईचीही नाहीत. अजून कुणाचीच झाली नसावीत, तशी. कृष्णानं उठून कडी घातली. पावलं दाराशी थांबली.

“कोण हाय…?” त्यानं हळूच विचारलं.

दाराखालून एक कागद आत सरकला. रिझवान वाकण्याआधीच नौशीननं तो उचलून वाचला.

“मी कोण व्हायचं?”

प्रत्येक नवा गडी हेच विचारतो. रिझवाननं कागद घ्यायला हात पुढं केला.

“नौशी, उत्तर देऊ नको… ऐक माझं…”

“मुनीब,” नौशीन म्हणाली.

मग बाहेरच्यानं घसा खाकरला, दोनदा, अर्धवट. मुनीब बोलण्याआधी असाच खाकरायचा. जिना चढताना त्या पावलांत मुनीबचं काहीही नव्हतं, हे रिझवानला पक्कं आठवत होतं.

“नौशी…” आवाज मुनीबचाच. “दोन वर्षं मी कुठं होतो…? ते ठरव ना.”

रिझवाननं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवूनही घेतला नाही. दाराला गाल लावून, डोळे मिटून ती म्हणाली, “पुण्याला होतास भाई. काम लागलं होतं. मोबाईल हरवला तुझा, म्हणून फोन आला नाही.”

“हौ,” बाहेरून होकार आला. “मोबाईल हरवला… आता घरी कोण कोण आहे, ते सांग.”

दोन वर्षांत तिचा चेहरा एवढा निवांत कुणी पाहिला नव्हता. ती एकेक नाव घेऊ लागली. अम्मी. अब्बा. रिझवानभाई.

प्रत्येक नावाला बाहेरून ‘हौ’ येत होतं.